जायफळाच्या बेटांवर

बालमित्रांनो, आज एक काम करा. स्वयंपाकघरात जा, आईला किंवा आजीला विचारून मसाल्याचा डबा उघडा आणि त्यातलं जायफळ शोधून काढा. करड्या-तपकिरी रंगाची, सुपारीपेक्षा थोडी मोठी, सुरकुतलेली ती बी हातात घ्या. नाकाशी धरून वास घ्या. आठवलं ना काही? पुरणपोळी! श्रीखंड! दिवाळीच्या पहाटेची कॉफी! आणि घरात तान्हं बाळ असेल तर सहाणेवर उगाळलेली बाळगुटी.

माझी आजी म्हणायची, "जायफळ बेतानं घाल गं, जास्त झालं तर सगळं घर दुपारभर झोपेल." कोकणातल्या घराच्या ओटीवर बसून पुरणात जायफळ किसणाऱ्या माझ्या आजीला हे मात्र कुठे ठाऊक होतं, की या इवल्याशा बीसाठी एके काळी राजांनी आरमारं धाडली, हजारो माणसं मारली गेली आणि एका जगप्रसिद्ध शहराचं नशीबही या बीच्या बेटाबरोबरच ठरलं!

आज आपण निघालो आहोत त्या जायफळाच्या माहेरी. हे माहेर आहे इंडोनेशियातल्या मालुकू प्रांतात. इंग्रज त्याला मोलुक्काज म्हणत, आणि साऱ्या जगाच्या जुन्या नकाशांवर त्याचं नाव होतं 'मसाल्याची बेटं'.

नकाशा उघडा बघू. भारताच्या आग्नेयेला सुमात्रा, मग जावा, बाली आणि अगदी उजवीकडे ते मोठं न्यू गिनी. सुलावेसी हे ऑक्टोपससारखे पाय पसरलेलं बेट आणि न्यू गिनी यांच्यामध्ये कुणीतरी मूठभर तांदूळ उधळावेत तसे ठिपके दिसतील. तेच मालुकू. हजाराहून अधिक बेटं, आणि २०२० च्या जनगणनेनुसार लोकसंख्या साडेअठरा लाखांच्या आसपास. म्हणजे माणसं थोडी आणि समुद्र अफाट. या भागाचा उत्तरेकडचा तुकडा १९९९ साली वेगळा होऊन 'उत्तर मालुकू' हा स्वतंत्र प्रांत झाला. तर्नाते आणि तिदोरे ही लवंगेची प्रसिद्ध बेटं आता तिकडे आहेत. आपण राहू या दक्षिणेच्या मालुकूतच.

राजधानीचं नाव आंबोन. जकार्ताहून विमानानं निघालो तर सुमारे २४०० किलोमीटर पूर्वेला. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. आपण इथे सकाळी सातला दप्तर भरत असतो तेव्हा आंबोनच्या मुलांची मधली सुट्टीसुद्धा होऊन गेलेली असते.

पण आंबोनला आपण परत येताना थांबू. आधी बंदराकडे चला, कारण जायफळ आहे ते बांदा बेटांवर, आणि तिथे जायचं तर बोटीशिवाय गत्यंतर नाही असंच म्हणा. छोटी विमानं जातात कधीमधी, पण त्यांचा भरवसा धरून कुणी सामान बांधत नाही. मोठी प्रवासी बोट रात्रभर चालते. खाली असतो बांदा समुद्र. या समुद्राचा तळ काही ठिकाणी सात किलोमीटरहून खोल आहे. म्हणजे आपलं कळसूबाई शिखर एकावर एक असं चार वेळा त्यात ठेवलं तरी वर पाणीच!

पहाटे दूरवर एक काळा त्रिकोण दिसू लागतो. जणू चित्रकलेच्या वहीत लहान मुलानं काढलेला डोंगर. हा गुनुंग आपी. 'गुनुंग' म्हणजे डोंगर आणि 'आपी' म्हणजे आग. सरळ समुद्रातून वर आलेला, सहाशे मीटरहून अधिक उंचीचा हा जिवंत ज्वालामुखी आहे. मे १९८८ मध्ये तो फुटला. पायथ्याशी राहणाऱ्या लोकांना बोटींत घालून हलवावं लागलं आणि लाव्हा खाली वाहत थेट समुद्रात शिरला. पाण्याखालची पोवळी तिथे जळून गेली. सगळ्यांना वाटलं, आता इथे कितीतरी वर्षं काही उगवणार नाही. पण झालं उलटंच. दहा-बारा वर्षांत त्याच थिजलेल्या लाव्हावर टेबलाएवढी रुंद पोवळी वाढली, आणि जगभरचे शास्त्रज्ञ पाणबुड्यांचे पोशाख चढवून ती बघायला धावत आले.

गुनुंग आपीच्या समोर, अगदी हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या अंतरावर, आहे बांदा नैरा. हे या बेटांचं मुख्य गाव. जवळच लोंथोर हे त्यातलं सर्वांत मोठं बेट. शिवाय आय, रुन आणि आणखी काही. सगळी मिळून दहा-अकरा बेटं. मोठमोठ्या नकाशांवरसुद्धा ती भिंग घेऊन शोधावी लागतात. आणि गंमत बघा, एके काळी पृथ्वीच्या पाठीवर जायफळाचा व्यापार ज्याच्यावर चालावा असा माल फक्त इथेच पिकत होता!

चला, लोंथोरच्या बागेत शिरू. वर उंचच उंच कनारीची झाडं. त्यांच्या सावलीत जायफळाची झाडं उभी आहेत. जायफळाला कडक ऊन सोसत नाही, म्हणून ही कनारी त्याच्यावर छत्री धरते. तिच्या बिया बदामासारख्या लागतात आणि बांदातल्या बायका त्या रश्शात, मिठाईत घालतात. आपल्याकडेही कोकणात नारळी-पोफळीच्या बागेत सावलीला जायफळ लावतात, ते याच कारणानं. दापोलीच्या कृषी विद्यापीठानं तर 'कोकण सुगंधा' नावाची जायफळाची जात काढली आहे. या झाडात नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं असतं. रोप लावलं, पाच-सहा वर्षं पाणी घातलं आणि मग कळलं की हा नर आहे, फळं धरणारच नाही, तर बागायतदाराच्या तोंडचं पाणी पळणारच ना! 'कोकण सुगंधा'च्या एकाच झाडावर दोन्ही प्रकारची फुलं येतात.

जायफळाचं फळ असतं पिवळसर, लहान पेरूएवढं. पिकलं की आपोआप मधोमध उकलतं आणि आतून डोकावतं लालभडक जाळं. हीच आपली जायपत्री! नावात 'पत्री' असली तरी ती पान नव्हे, आणि इंडोनेशियन लोक तिला 'जायफळाचं फूल' म्हणतात तरी ती फूलही नव्हे. ती असते बीभोवतीची जाळी. ती सोडवली की खाली काळं चकचकीत कवच आणि त्या कवचाच्या आत आपलं जायफळ. म्हणजे एकाच फळात दोन मसाले. शिवाय बाहेरचा गर फुकट जात नाही. त्याचा मुरंबा आणि साखरेत घोळलेल्या फोडी करतात. तिथल्या चहाच्या दुकानात पावाबरोबर जायफळाचा मुरंबा समोर येतो.

फळं काढायला बांबूची लांब काठी आणि तिच्या टोकाला विणलेली छोटी टोपली. टोकाच्या दोन दातऱ्यांत देठ अडकवायचा, हिसका द्यायचा, फळ अलगद टोपलीत. आंबे काढायच्या आपल्या झेल्यासारखंच म्हणा ना! काढलेल्या बिया कित्येक दिवस वाळवतात. कवचाच्या आत बी खुळखुळ वाजू लागली की समजायचं, वाळली. इंडोनेशियन भाषेत जायफळाला म्हणतात 'पाला'. हा शब्द आला आपल्या संस्कृत 'फल' या शब्दावरून. म्हणजे तुमच्या-माझ्या भाषेतला एक शब्द हजारो मैलांवर जाऊन पिढ्यान्‌पिढ्या राहिला आहे. बरोबरच आहे म्हणा, जावाचे, मलायाचे, गुजरातचे आणि अरबस्तानचे व्यापारी शेकडो वर्षं या मालाची ने-आण करत होतेच. बांदाचे लोक स्वतःही पट्टीचे दर्यावर्दी. त्यांच्यावर राजा नव्हता. गावोगावचे मुखिये एकत्र बसत आणि काय ते ठरवत.

मग युरोपला या मालाचा पत्ता लागला.

अल्फोन्सो द अल्बुकर्क हे नाव तुम्ही इतिहासात वाचलं असेल. त्यानं १५१० मध्ये गोवा घेतलं. पुढच्याच वर्षी, १५११ मध्ये, त्यानं मलाक्का जिंकलं आणि तिथून मसाल्याची बेटं शोधायला जहाजं धाडली. १५१२ मध्ये पोर्तुगीज बांदाला पोचले. जुन्या गोव्यात ज्यांचं शव ठेवलं आहे ते फ्रान्सिस झेवियर, तेसुद्धा १५४६ मध्ये आंबोनला येऊन राहिले होते. मॅगेलनची जगप्रसिद्ध सफर निघाली तीही याच बेटांकडे येण्यासाठी, पश्चिमेकडून नवा रस्ता काढत. तो स्वतः वाटेत मारला गेला, पण उरलेलं एक जहाज १५२२ मध्ये तिदोरेच्या लवंगा भरून आणि केवळ अठरा माणसं घेऊन स्पेनला परतलं. एका जहाजातल्या लवंगांनी त्या सफरीचा खर्च भरून काढला, यावरून भाव काय असेल याची कल्पना करा.

आता या गोष्टीचा काळा भाग. मोठ्या माणसांनीही जवळ बसून वाचावा असा.

सोळाव्या शतकाच्या शेवटी डच आले. १६०२ मध्ये त्यांची ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली. कंपनीनं बांदाच्या मुखियांकडून करार लिहून घेतले : जायफळ विकायचं ते फक्त आम्हालाच. बांदाच्या लोकांना हे पटणं शक्यच नव्हतं. ही बेटं इतकी लहान की तिथे भाताचं शेत नाही. तांदूळ, कापड सगळं बाहेरून यायचं, आणणाऱ्या व्यापाऱ्यांना जायफळ द्यायचं, असा त्यांचा व्यवहार. डच आणायचे थंड देशातलं जाड लोकरीचं कापड! विषुववृत्ताजवळच्या उकाड्यात ते कोण घेणार? लोक गुपचूप जुन्या व्यापाऱ्यांना माल विकत राहिले. भांडणं वाढली. १६०९ मध्ये बांदाच्या लोकांनी बोलणी करायला आलेल्या डच सेनापतीला दबा धरून ठार केलं. त्याच वर्षी डचांनी नैरावर नासाऊ किल्ला बांधला, आणि १६११ मध्ये वर टेकडीवर बेल्जिका हा पाच कोनांचा किल्ला. बेल्जिका अजून उभा आहे, डागडुजी केलेला. त्याच्या बुरुजावरून समोरचा ज्वालामुखी, मधली निळी खाडी आणि खाली गावाची लाल कौलं असं काही दिसतं, की हा किल्ला कशासाठी बांधला होता हे क्षणभर विसरायला होतं.

१६२१ मध्ये कंपनीचा गव्हर्नर जनरल यान पीटरसून कून मोठं आरमार घेऊन आला. लोंथोर जिंकलं. गावं जाळली. ८ मे १६२१ रोजी, शरण आणलेल्या चव्वेचाळीस मुखियांना नासाऊ किल्ल्याजवळ पावसात उभं करून, पैसे देऊन आणलेल्या जपानी सैनिकांच्या तलवारींनी ठार मारण्यात आलं. बाकीचे लोक डोंगरात पळाले, कित्येक उपासमारीनं गेले, शेकडोंना गुलाम करून बाताव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला नेलं. या बेटांवर तेव्हा सुमारे पंधरा हजार लोक राहत असावेत असा अंदाज आहे. उरले हजारभर.

मित्रांनो, हे वाचून वाईट वाटेल, वाटायलाच हवं. पण यातून काहीजण निसटले, त्यांची हकीकत मला फार मोलाची वाटते. होड्यांत बसून काही कुटुंबं पूर्वेकडच्या काई बेटांवर पोचली. तिथे बांदा एली आणि बांदा एलात या नावाची दोन गावं त्यांनी वसवली. आज चारशे वर्षं झाली. बांदा बेटांची मूळ भाषा खुद्द बांदा बेटांवर आता कुणी बोलत नाही, पण काई बेटांवरच्या त्या गावांत ती अजून बोलली जाते. नैरामध्ये एका जुन्या विहिरीपाशी स्मारक आहे, 'साखळीची विहीर' असं तिचं नाव. तिथे मारल्या गेलेल्या मुखियांची नावं कोरली आहेत. कूनचा पुतळाही आहे, पण तो नेदरलँड्समध्ये, त्याच्या होर्न या गावी. तो तिथे ठेवावा की नाही यावर तिथल्याच लोकांत वर्षानुवर्षं वाद चालतो. ठेवावा की काढावा, तुम्हाला काय वाटतं? घरी एकदा बोलून बघा. माझ्या घरात या प्रश्नावर दोन तट पडले.

रिकाम्या झालेल्या बेटांचे कंपनीनं ६८ बागांत तुकडे पाडले, त्या गोऱ्या मळेवाल्यांना दिल्या आणि कामाला दूरदूरहून गुलाम आणले. आज बांदात राहणारे लोक बहुतेक या सगळ्यांचे वंशज : जावाचे, सुलावेसीचे, अरब, चिनी, आणखी कुठकुठचे.

एक बेट मात्र डचांना लवकर मिळेना. ते रुन. लांबी जेमतेम तीन किलोमीटर, रुंदी एकाहून कमी. तिथे पिण्याच्या पाण्याचीसुद्धा टंचाई, पावसाचं पाणी साठवून प्यायचं. १६१६ मध्ये नॅथॅनियल कोर्टहोप नावाचा इंग्रज कप्तान दोन जहाजांतली मूठभर माणसं घेऊन तिथे उतरला आणि बेटाच्या लोकांच्या मदतीनं त्यानं ते जवळजवळ चार वर्षं डचांपासून राखलं. १६२० मध्ये रात्रीच्या वेळी होडीतून येताना तो डचांच्या गोळ्यांना बळी पडला. पुढे इंग्रज हक्क सांगत राहिले आणि डच बेट दाबून बसले. अखेर १६६७ मध्ये ब्रेडा इथे तह झाला. ठरलं असं, की ज्याच्या हाती जे आहे ते त्याचं. रुन डचांकडे राहिलं. आणि इंग्रजांनी तीन वर्षांपूर्वी डचांकडून घेतलेली अमेरिकेतली एक वसाहत इंग्रजांकडे राहिली. तिच्यातल्या मुख्य बेटाचं नाव मॅनहॅटन. म्हणजे आजचं न्यूयॉर्क!

तेव्हा डचांना हा सौदा फायद्याचा वाटला होता बरं का. आज रुनवर शांत कोळीवाडा आहे, अंगणात वाळत घातलेलं जायफळ आहे, निवळशंख पाणी आहे. गगनचुंबी इमारत एकही नाही.

जायफळाचा मक्ता टिकावा म्हणून डचांनी काय काय केलं! बी कुणी पेरू नये म्हणून ती चुन्याच्या निवळीत बुडवून मगच बाहेर पाठवायची. चोरून रोप नेलं तर कडक शिक्षा. पण पहारा बसवला माणसांवर. पाखरांचं काय? तिथली मोठी रानकबुतरं अख्खं जायफळ जायपत्रीसकट गिळतात, जायपत्री पचवतात आणि बी दुसऱ्या बेटावर नेऊन टाकतात. त्यांना कोण अडवणार? पुढे १७७० मध्ये प्येर प्वाव्र या फ्रेंच माणसाच्या खटपटीनं रोपं मॉरिशसला पोचली. नंतर इंग्रजांनी काही वर्षं बांदा ताब्यात घेतलं तेव्हा त्यांनी रोपं नेऊन आपल्या वसाहतींत लावली. मक्ता संपला. आज वेस्ट इंडिजमधल्या ग्रेनेडा या छोट्या देशाच्या झेंड्यावर चक्क जायफळाचं चित्र आहे.

नैरा सोडण्याआधी एका साध्याशा घरात डोकावू. व्हरांडा, मागे अंगण, अंगणात बाकडी. १९३६ मध्ये डच सरकारनं दोन तरुण पुढाऱ्यांना हद्दपार करून या बेटावर आणून ठेवलं. एक महंमद हट्टा, दुसरे सुतान शहरीर. हट्टांनी येताना पुस्तकांच्या सोळा पेट्या आणल्या होत्या! हे दोघे बेटावरच्या मुलांना शिकवू लागले. हट्टा शिस्तीचे, वेळेला पक्के. शहरीर हसतमुख, मुलांबरोबर पोहणारे, नौकाविहाराला जाणारे. १९४२ मध्ये जपानी सैन्य जवळ आलं तेव्हा दोघांना न्यायला पाण्यावर उतरणारं विमान आलं. शहरीर म्हणाले, मी सांभाळलेली ही मुलं बरोबर येणारच. विमानात जागा पुरेना. तेव्हा काय मागे राहिलं माहीत आहे? हट्टांच्या पुस्तकांच्या पेट्या.

१७ ऑगस्ट १९४५ रोजी सुकार्नो आणि हट्टा यांनी इंडोनेशियाच्या स्वातंत्र्याची घोषणा केली. हट्टा पहिले उपराष्ट्राध्यक्ष झाले, शहरीर पहिले पंतप्रधान. डच मात्र सहजी जायला तयार नव्हते. जुलै १९४७ मध्ये त्यांनी वेढा घातला असताना शहरीरना बाहेर काढायला विमान घेऊन जाणारा वैमानिक कोण होता? आपल्या ओरिसाचे बिजू पटनाईक! पंडित नेहरूंच्या सांगण्यावरून जिवावर उदार होऊन ते जावाला गेले आणि शहरीरना घेऊन दिल्लीला आले. बांदातल्या दोन लहान बेटांना आज हट्टा आणि शहरीर यांची नावं आहेत.

आता परत आंबोन. भूक लागली असेल ना? इथे ताटात येतो पापेदा. साबुदाणा आपण उपासाला खातो तो कंदाचा. इथे सागो नावाच्या ताडासारख्या झाडाचा बुंधा फोडून त्यातलं पीठ काढतात आणि उकळत्या पाण्यात ढवळतात. तयार होते चिकट, पारदर्शक लापशी. पतंगाच्या खळीसारखी दिसते, खोटं कशाला सांगू! दोन काड्यांवर गुंडाळून ती ताटलीत घ्यायची आणि हळद घातलेल्या माशाच्या पिवळ्या रश्शाबरोबर सुर्रकन ओढायची. चावायची नाही.

जेवण झालं की एका माणसाची ओळख करून देतो. गेओर्ग रुम्फियस. जर्मनीत जन्मलेला, डच कंपनीचा नोकर म्हणून १६५० च्या दशकात आंबोनला आला आणि इथल्या झाडापेडांच्या प्रेमात पडला. प्रत्येक झाड बघायचं, लोकांना त्याचं नाव आणि औषधी उपयोग विचारायचा, चित्र काढायचं, लिहून ठेवायचं. १६७० मध्ये त्याची दृष्टी गेली. तेव्हा तो चाळिशीत होता. चार वर्षांनी, फेब्रुवारी १६७४ मध्ये, मोठा भूकंप झाला. त्यात बायको सुझाना आणि धाकटी मुलगी दोघी गेल्या. तरी काम थांबलं नाही. तो हातानं पानं चाचपायचा, वास घ्यायचा, सांगायचा, आणि मदतनीस लिहून घ्यायचे. १६८७ मध्ये आग लागून सगळी चित्रं जळाली. पुन्हा काढून घेतली. हस्तलिखित युरोपला पाठवलं, तर १६९२ मध्ये फ्रेंचांनी ते जहाजच बुडवलं! नशिबानं बाताव्हियाच्या एका वनस्पतिप्रेमी अधिकाऱ्यानं जहाज सुटण्याआधी नक्कल करून ठेवली होती. ती पोचली. आणि कंपनीनं काय केलं? व्यापाराची गुपितं फुटतील म्हणून कपाटात ठेवून दिली. रुम्फियस १७०२ मध्ये वारला. त्याचा ग्रंथ छापायला सुरुवात झाली १७४१ मध्ये. बाराशेच्या आसपास वनस्पती त्यात आहेत. एका शुभ्र आमरीच्या फुलाला त्यानं आपल्या बायकोचं नाव दिलं होतं, 'सुझानाचं फूल'. त्याच जातकुळीतली मोठी पांढरी आमरी आपल्या सह्याद्रीतही पावसाळ्यात फुलते. दिसली तर तोडू नका, फक्त बघा.

आंबोननं अलीकडेही वाईट दिवस पाहिले. १९९९ ते २००२ या काळात इथल्या ख्रिस्ती आणि मुसलमान वस्त्यांत दंगली झाल्या. हजारो माणसं गेली, लाखो बेघर झाली. २००२ च्या फेब्रुवारीत समझोता झाला. लोकांना पुन्हा जवळ आणायला उपयोगी पडली ती 'पेला' नावाची जुनी रीत. इथे दोन गावं एकमेकांची भावंडं होतात, बहुधा फार पूर्वी शपथ घेऊन. एक ख्रिस्ती गाव आणि एक मुसलमान गाव अशीही जोडी असते. एका गावाची मशीद बांधायची तर दुसरं गाव लाकूड घेऊन येतं, दुसऱ्याच्या चर्चचं छप्पर घालायला पहिलं गाव धावतं. पेला गावांतल्या मुलामुलींचं एकमेकांशी लग्न होत नाही, कारण ती भाऊ-बहीण! शहराच्या मध्यावर २००९ मध्ये एक मोठी शांतिघंटा बसवली आहे, तिच्यावर देशोदेशीचे झेंडे आहेत. आणि २०१९ मध्ये युनेस्कोनं आंबोनला 'संगीताचं शहर' म्हणून मान दिला. इथला रिक्षावालासुद्धा सुरात गातो म्हणतात.

आणखी पुष्कळ आहे मालुकूत. सेराम बेटावरचा बिनाइया डोंगर ३०२७ मीटर उंच. काई बेटांवरची पुळण इतकी पांढरी आणि मऊ, की तांदळाचं पीठच पसरलंय. आरू बेटांवर स्वर्गपक्षी. त्यांची वाळवलेली कातडी पूर्वी युरोपात जायची, पाय कापून. त्यामुळे तिकडे समज पसरला की या पक्ष्याला पायच नसतात, तो जन्मभर हवेतच राहतो! लिनियसनं १७५८ मध्ये नावच ठेवलं 'बिनपायाचा'. ते शास्त्रीय नाव आजतागायत बदललेलं नाही, बिचारा पक्षी दोन पायांवर फांदीवर बसून नाचतो तरी.

आणि हारुकू बेटावरची 'सासी'. गावानं ठरवलं की नदीतले मासे अमुक महिने धरायचे नाहीत, तर किनाऱ्यावर तशी खूण उभी करतात. मग कुणीही जाळं टाकत नाही. मासे वाढले की दिवस ठरवून सासी उठवायची आणि सगळ्या गावानं, पोरासोरांसकट, पाण्यात उतरून मासे धरायचे. आपल्या देवराईत कुणी कुऱ्हाड चालवत नाही ना, तसंच.

जायचं असेल तर एक लक्षात ठेवा. आंबोनला पाऊस आपल्यासारखाच जून-जुलैत कोसळतो आणि समुद्र खवळतो, तेव्हा बांदाच्या बोटीचा बेत आखू नये. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाणी शांत असतं. आणि ते लांबचं असेल, तर दापोली-रत्नागिरीकडच्या एखाद्या बागेत जाऊन कवचासकटचं जायफळ मागून घ्या. कानाशी धरून हलवा. खुळखुळ वाजलं तर वाळलं, नाही वाजलं तर आणखी काही दिवस ठेवा.